काठी जमिनीवर पडली होती

मुंजाजीला सिनेमा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. जिंतूरच्या पुढं टेकड्या सुरू होतात, त्यांच्या पायथ्याशी त्याची वाडी. निम्मी घरं धनगरांची, निम्मी कुणब्यांची. निजामाचं राज्य गेलं, रझाकारांची धास्ती गेली, जिंतूरपर्यंत मोटार यायला लागली, तरी मुंजाजीच्या दिवसात तसूभर फरक पडला नव्हता. सकाळी मेंढरं सोडायची, दिवसभर रानात त्यांच्या मागं फिरायचं, सांजेला वाडग्यात कोंडायची आणि कासाबाईनं थापलेली भाकर खायची. माणूस बोलायला कमी आणि रागाला लवकर. पण राग मेंढरांवर त्यानं कधी काढला नाही. कासाबाईवर काढायची सोय नव्हती, कारण ती दुपटीनं परत करायची.

त्याच्या घराण्यात एक रीत होती. लांडग्याला लांडगा म्हणायचं नाही, पाव्हणा म्हणायचं. तो खंडोबाचं कुत्रं, आणि देवाचं कुत्रं दारात आलं तर त्याला कुणी हाडहाड करत नाही. मेंढ्या व्याल्या की त्या सालातलं पहिलं कोकरू पाव्हण्यानं नेलं तर त्याच्या मागं पळायचं नाही. जिथून नेलं तिथं जायचं, चिमूटभर भंडारा उधळायचा, हातातली काठी जमिनीवर जोरानं आपटायची आणि म्हणायचं, ‘वाटा पोचला. आता तुही सीव तुला, माही मला.’ काठी जमिनीला लागली की दोघांची शीव ठरली, बोलणं पक्कं झालं. त्यानंतर त्या साली पाव्हणा वाडग्याकडं फिरकत नाही, असं मुंजाजीचा बाप सांगायचा. खरंच फिरकत नव्हता का? फिरकत होता की! पण मग तो दुसऱ्या रानाचा पाव्हणा, त्याला आपली रीत ठाऊक न्हाई, असं म्हणून बाप त्याच्यावर खुशाल कुत्री सोडायचा. एवढी पळवाट कुठल्याही करारात ठेवावीच लागते.

वाडीच्या वर टेकडीवर एक थोराड दगड होता, पाण्याच्या रांजणासारखा गोल आणि पोटाशी फुगलेला. त्याला रांजण्या म्हणत. रांजण्याच्या बुडाशी पाव्हण्यांची जुनी घळ होती. मुंजाजीच्या आज्याच्या वेळेपासून तिथं पिलं निघत. हे धनगरांना ठाऊक होतं आणि ते कुणाला सांगत नसत. कुणब्यांनी विचारलं तर ‘असंल कुटंतरी वर’ एवढंच.

असं सगळं आपापल्या जागी असताना एका माघात चंद्रभान सिनेमावाल्यांना घेऊन आला.

चंद्रभान हा वाडीतलाच. रझाकारांच्या वेळी घर सोडून पळाला तो थेट मुंबईला पोचला आणि तिथल्या एका सिनेमा कंपनीत सामान उचलायच्या कामाला लागला. आता त्याच्या अंगात पाटलोण होती आणि तोंडात सिगारेट. जीपगाडीतून तो उतरला तेव्हा त्याच्या आईनंसुद्धा आधी त्याला साहेब समजून पदर सावरला. त्याच्याबरोबर सिनेमाचं मशीन सांभाळणारी दोन माणसं होती आणि एक उंच, काटकुळे गृहस्थ. सगळे त्यांना डायरेक्टर साहेब म्हणत.

“मामा,” चंद्रभान मुंजाजीला म्हणाला, “साहेबांना रानातला सिनेमा काढायचाय. मेंढरं, धनगर आन् लांडगा.”

“त्याचं नाव घेऊ नगंस,” मुंजाजी म्हणाला. “आन् तो काय बोलावला की येतो व्हय?”

साहेबांना मात्र घाई नव्हती. ते तीन-चार दिवस नुसते मुंजाजीच्या मागं रानात फिरले. मशीन जीपमध्येच ठेवलं. घोंगडीवर मांडी घालून बसले, कासाबाईची भाकर ठेचा लावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा ठेचा मागितला. तिथंच कासाबाई अर्धी पाघळली. मुंजाजीला पाघळायला आणखी एक दिवस लागला. त्या दिवशी साहेबांनी त्याला विचारलं, “पाव्हण्यानं कोकरू नेलं, तर तुम्हाला राग येत नाही?”

“येतो की. माह्या पोटावरच पाय येतो न् मंग राग न्हाई येनार?”

“मग मारत का नाही?”

असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. “आता बगा साहेब,” तो म्हणाला, “रान काय माह्या बापाचं हाय का? त्यो बी हितलाच, मी बी हितलाच. त्यानं एक न्यायचं, मी बाकीची राखायची. मारून कसं जमंल? त्याला मारलं तर मंग मी राखायचं कुनापासून?”

साहेब पुढं सरकले. मग म्हणाले, “हेच. मला हेच दाखवायचंय. कोण जिंकलं ते नको. दोघं एका रानात कसे राहतात, एवढंच.”

हे ऐकून मुंजाजीची छाती फुगली, हे कबूल करायला हवं. आपण रोज करतो त्या गोष्टीत बघण्यासारखं काही आहे, हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला सांगितलं होतं. माणूस असा फुगला की त्याच्याकडून काय काय होतं, ते पुढं बघा.

त्यानं साहेबांना रांजण्याची घळ दाखवली.

कासाबाई म्हणाली होती, “कामून दाखवताव? आज्यानं दाखवली व्हती का कुनाला?” पण मुंजाजीनं ऐकलं नाही. पहाटेच्या गारठ्यात तो साहेबांना आणि मशीनवाल्याला घेऊन वर गेला. वाऱ्याची दिशा बघून त्यांना करवंदीच्या जाळीआड बसवलं, अंगावर मेंढरांच्या वासाच्या घोंगड्या घातल्या आणि खोकला आला तर घोंगडी तोंडात कोंबा म्हणून बजावलं. उन्हं रांजण्यावर आली तशी ती बाहेर आली. मादी होती. तिचा डावा कान निम्मा फाटलेला. तिनं हवा हुंगली, जाळीकडं एकदा बघितलं, मुंजाजीचा वास ओळखीचा म्हणून म्हणा किंवा कशानं, अंग ताणून उन्हात बसली. मग एकामागं एक पिलं धडपडत बाहेर आली. एक तिच्या पाठीवर चढायला गेलं आणि घसरून पडलं. एकानं तिचा फाटका कान तोंडात धरून ओढला. तिनं ओढू दिलं. मशीन बारीक आवाजात चालू होतं आणि साहेबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. या वेळी ठेचा नव्हता.

एवढ्यावर ते लोक गेले असते तर बरं झालं असतं.

पण साहेबांना ती काठी आपटायची रीत हवी होती. आता त्या साली पाव्हणीनं कोकरू अजून नेलंच नव्हतं. वाटा दिला नाही तर काठी कशी आपटायची? मुंजाजी घुटमळला. कासाबाई सरळ म्हणाली, “वाट्याबिगर काठी वाजवू नका. तिला फसवल्यावानी व्हतं.”

“आई, हे खोटं-खोटं आहे,” साहेब हात जोडून म्हणाले. “नाटकात करतात तसं.”

पाव्हण्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मुंजाजीनं भंडारा उधळला आणि काठी आपटली. साहेब म्हणाले, सावली पडली, पुन्हा. पुन्हा आपटली. चेहरा दिसू द्या, पुन्हा. अजून जोरात, दात आवळून, पुन्हा. सबंध दुपार मुंजाजी रिकाम्या जागेवर काठी आपटत होता. सांजेला त्याचा खांदा भरून आला होता, आणि मनात एक कुसळ रुतलं ते रुतलंच. साहेब त्याच्या पाया पडून गेले. माणूस वाईट नव्हता.

त्या साली पाव्हणीनं वाटा नेलाच नाही. मेंढरं खाली पूर्णा नदीकडं उतरली तरी एकही कोकरू गेलं नाही. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. मुंजाजीला मात्र झोप लागेना. कासाबाईला तो म्हणायचा, “देनं ऱ्हायलं.” आणि कासाबाई म्हणायची, “मी सांगितलं व्हतं.” हे वाक्य तिला फार आवडायचं.

वर्ष फिरलं. पुन्हा माघ आला. रांजण्याच्या घळीत पुन्हा पिलं निघाली, तीच मादी, तोच फाटका कान. आणि जिंतूरच्या बाजारात सिनेमाचा तंबू लागला. खबर घेऊन चंद्रभानच आला. मोठा सिनेमा गाण्यांचा आहे, पण त्याच्या आधी एक छोटा दाखवतात, त्यात आपला मुंजाजीमामा आहे!

सगळी वाडी बैलगाड्या जुंपून निघाली. गावचे मालीपाटील किशनराव घोड्यावर निघाले. त्यांनी मुंजाजीला पहिल्या रांगेत आपल्याजवळ बसवलं, आणि त्याआधी किशनरावांच्या ओसरीवरसुद्धा तो कधी बसला नव्हता. कासाबाई नव्या लुगड्यात बायकांच्या बाजूला. अंधार झाला, मागं मशीन खडखडलं आणि समोरच्या कापडावर जिंतूरच्या टेकड्या उभ्या राहिल्या.

“आरं, ही बांडी!” मुंजाजी ओरडला. बांडी ही त्याची मेंढी. पावसाळ्यात खुरांच्या रोगानं मेली होती. इथं ती हत्तीएवढी होऊन डोळ्यांसमोर चरत होती. मग वाडगं दिसलं, कासाबाई भाकर थापताना दिसली आणि बायकांच्या बाजूनं खिदळण्याची लाट आली. मग रांजण्या दगड दिसला, ऊन दिसलं, आणि ती दिसली. पिलू पाठीवरून घसरून पडलं तेव्हा सगळा तंबू एकदम हसला. किशनरावही हसले. मुंजाजीनं आजूबाजूला बघितलं. ज्यांनी आजवर तिला बघून फक्त दगड उचलला होता, ती माणसं लेकराकडं बघावं तसं तिच्या पिलांकडं बघत होती. त्याला वाटलं, साहेब बोलल्याप्रमाणं वागले. त्याला फार बरं वाटलं.

मग वाजंत्री बदलली. ढोल घुमायला लागला. कुणीतरी न दिसणारा माणूस हिंदीत बोलू लागला, आणि हिंदी तिथं सगळ्यांनाच कळत होतं. रानाचा दुश्मन, तो म्हणाला. गरिबाच्या घासावर टपलेला दुश्मन. एक लांडगा कोकरू ओढून नेताना दिसला. तो या रानातला नव्हता, त्याचे दोन्ही कान धड होते. कोकरूही मुंजाजीचं नव्हतं. पण त्यानंतर आला तो मुंजाजीचाच चेहरा, दात आवळलेला. त्याची काठी वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. आणि मग मातीत पडलेला लांडगा, जीभ बाहेर, रक्त. ‘आज का इन्सान डरता नहीं,’ तो आवाज म्हणाला.

तंबूत शिट्ट्यांचा कल्लोळ झाला. कुणी पागोटं उडवलं. किशनरावांनी मुंजाजीच्या पाठीवर थाप मारली.

मुंजाजी उठून उभा राहिला. “खोटं हाय! काठी जमिनीवर पडली व्हती! आरं, मी कुनाला मारलं न्हाई, काठी जमिनीवर पडली व्हती!”

त्याची सावली पडद्यावर पडली होती. मागून लोक ओरडले, “बसा की खाली! गाण्याचा सिनेमा लागायलाय!”

परतताना गाडीत त्यानं चंद्रभानचं मानगूट धरलं. चंद्रभान रडकुंडीला आला. “मामा, माह्या हातात काय हाय? साहेबाचं आन् कंपनीच्या मालकाचं वाजलं. मालक म्हनला, ह्याला शेवट कुटं हाय? लोकांला शेवट लागतो. साहेब सोडून गेले. मंग मुंबईत एका खोलीत एक मानूस बसतो कात्री घिऊन, त्यानं कापून जोडलं.”

“कापून जोडलं?”

“दुसऱ्या सिनेमातला मेलेला लांडगा व्हता, त्यो आनून तुमच्या काठीखाली लावला.”

मुंजाजीनं त्याचं मानगूट सोडलं. त्यानंही जन्मभर कात्री चालवली होती. एका मेंढीची लोकर दुसरीच्या लोकरीत मिसळते, मग कुठली कुणाची ते देवालाही सांगता येत नाही. पण माणसाचा हात असा कापून दुसऱ्याच्या खुनाला चिकटवता येतो, हे त्याच्या अकलेपलीकडचं होतं. त्याला एवढंच कळलं की वाट्यावाचून वाजवलेली काठी वाया गेली नव्हती. ती कुठंतरी जाऊन लागली होती.

आठवडाभरात किशनरावांची एक कालवड मेली. तिला कशानं मारलं ते कुणी बघितलं नव्हतं. तरस असेल, मोकाट कुत्री असतील. पण आता सगळ्या गावाला दुश्मनाचं नाव माहीत होतं, आणि दुश्मनाचं घरही. तंबूत बसलेल्या प्रत्येकानं रांजण्या ओळखला होता. इतक्या पिढ्या धनगरांनी जे ओठांत ठेवलं, ते मशीननं एका सांजेत चारशे माणसांना सांगून टाकलं होतं.

किशनराव स्वतः मुंजाजीच्या वाडग्याशी आले. “उद्या सकाळी जायचं,” ते म्हणाले. “घळीत पऱ्हाट्यांचा धूर करू. तू पुढं ऱ्हा. एक मारलाच हायस, तुला सराव हाय.”

“मालक, मी मारला न्हाई. भंडाऱ्याची आन घेतो. काठी जमिनीवर...”

“मुंजाजी,” किशनराव हसून म्हणाले, “आरं, मी ह्या डोळ्यांनी बघितलं की.”

“मी बी तिथं व्हतो की, मालक! जी काठी व्हती ती माह्याच हातात व्हती!”

बरोबरची माणसं हसली. किशनराव मात्र हसले नाहीत. त्यांनी मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “लाजू नगंस. देवाला काय वाटंल म्हनून लपवायलास, मला कळतंय. पन आता सरकार बी तेच म्हनायलंय.” सिनेमा सरकारनं काढला नव्हता, पण हिंदीत बोलणारा माणूस म्हणजे सरकार, हे तिथं सगळ्यांना पटलेलं होतं.

काय करायचं होतं मुंजाजीनं? कुणाकडं जायचं होतं? जिंतूरला तहसीलदार होता, तोही त्याच तंबूत खुर्चीवर बसून टाळ्या वाजवून गेला होता. शपथ घ्यावी तर शपथेपेक्षा पडदा मोठा. मुंजाजीकडं फक्त तोंड होतं, आणि त्याचं तोंडच त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन बसलं होतं.

त्याच दुपारी तो आणि कासाबाई टेकडीवर गेली. पाव्हणीला हुसकवायचं, पिलं घेऊन तिला पलीकडच्या रानात जायला लावायचं, एवढंच आता करता येण्यासारखं होतं. ती रांजण्याच्या सावलीत बसली होती. मुंजाजी जाळीतून उघड्यावर आला आणि ओरडला, “ऊठ! जा! पिलं घिऊन जा!” ती उठली, चार पावलं मागं सरली आणि बघत राहिली. त्यानं काठी उचलली आणि सगळा जोर लावून जमिनीवर आपटली. पुन्हा आपटली. दगडांवर काठीचा आवाज टणटणला.

आणि ती खाली बसली. पुढचे पाय पसरून, त्यांच्यावर हनुवटी ठेवून.

तिच्या आईला, तिच्या आजीला या आवाजानं कधी काही झालं नव्हतं. या टेकडीवर काठी जमिनीला लागली की भांडण मिटलं, एवढंच पिढ्यानपिढ्या झालं होतं. मुंजाजीच्या हातातून काठी गळून पडली. कासाबाईनं दगड उचलला, हात मागं नेला आणि तसाच थांबवला. मग मारला. तो अलीकडंच पडला. पाव्हणीनं उठून तो हुंगला.

“जा गं बाई,” कासाबाई रडायला लागली. “कामून जाईना तू? जा की गं.”

ती गेली नाही.

सकाळी माणसं कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे आणि हलगी घेऊन वर आली. मुंजाजी घळीच्या तोंडाशी आडवा बसला होता. त्याला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. दोघांनी काखेत हात घालून त्याला हळूच उचललं आणि बाजूला नेऊन धरून ठेवलं. “मामा, तुमी लय केलं. आता आमाला करू द्या.” आपण म्हाताऱ्याचा मान ठेवतोय, असंच त्यांना वाटत होतं. धूर आत गेला. हलगी वाजायला लागली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात एक पिलू होतं. चहूबाजूंना माणसं होती, आणि त्या सगळ्यांत एक वास तिच्या ओळखीचा होता. ती मुंजाजीच्या दिशेनं पळाली.

पुढचं सांगवत नाही. मुंजाजीचे हात दोघांनी धरले होते आणि डोळे मिटायचं त्याला सुचलं नाही. किशनरावांनी जाताना त्याच्या डोक्याला नवा फेटा बांधला. त्यानं तो बांधू दिला. हात सोडले होते तरी ते त्याला वर उचलता येत नव्हते.

त्या दिवसापासून मुंजाजीनं काठी धरली नाही. कासाबाई काठी घेऊन पुढं चालायची आणि तो मेंढरांच्या मागं रिकाम्या हातानं. चैत्रात ज्वारीची रानं मोकळी झाली तशी दरसालच्या रिवाजानं ती दोघं मेंढरं घेऊन पूर्णेच्या अंगाला उतरली. ताडकळसच्या एका शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं आपल्या शेतात बसवून घेतली. बाजाराच्या दिवशी गावाकडून भोंग्याचा आवाज आला. सिनेमाचा तंबू फिरत फिरत तिथंही पोचला होता.

मुंजाजी उठला. वाडग्यात शिरला आणि त्या सालातलं पहिलं कोकरू उचलून घोंगडीखाली घेतलं.

“कुटं निगालाव?” कासाबाईनं विचारलं. “ते पुन्ना बगायला? सोताची इटंबना?”

“ती हाय तिथं,” मुंजाजी म्हणाला. “आता तिथंच हाय फकस्त. देनं ऱ्हायलंय तिचं.”

कासाबाई या वेळी ‘मी सांगितलं व्हतं’ म्हणाली नाही. तिनं कमरेची पिशवी सोडून भंडाऱ्याची पुडी त्याच्या हातात दिली.

तो सगळ्यांत पुढं, पडद्याजवळ जमिनीवर जाऊन बसला. इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. बांडी चरून गेली, कासाबाईनं भाकर थापली. मग रांजण्यावर ऊन आलं आणि ती बाहेर आली. फाटका कान, तेच अंग ताणणं. पिलं आली. एक पाठीवर चढायला गेलं आणि घसरलं, आणि ताडकळसचा तंबूही जिंतूरसारखाच हसला. मुंजाजीनं चिमूटभर भंडारा पडद्याकडं उधळला, घोंगडी बाजूला केली आणि कोकराला पुढं ढकललं.

“वाटा आनलाय गं,” तो पुटपुटला. “उशीर झाला. घे.”

कोकरू पडद्यापर्यंत गेलं. वर ती पिलांना चाटत होती. कोकरानं कापड हुंगलं, कापडाला कसलाच वास नव्हता. ते एकदा ‘बें’ करून ओरडलं, वळलं आणि धावत परत मुंजाजीच्या मांडीत येऊन शिरलं. त्यानं त्याला पुन्हा ढकललं. ते पुन्हा परत आलं. आणि तेवढ्यात वाजंत्री बदलली, ढोल घुमायला लागला. मुंजाजीनं कोकराचं तोंड घोंगडीत दाबून धरलं. स्वतःचे डोळे या वेळी मिटले, तरी शिट्ट्या ऐकू आल्याच.

छोटा सिनेमा संपला, मोठा लावायला मशीन थांबलं आणि कुणीतरी गॅसबत्ती पुढं आणली. मघापासून पडद्याकडं पळणाऱ्या कोकराची लोकांना गंमत वाटत होतीच. बत्तीच्या उजेडात त्यांनी कोकराचा मालक बघितला. तीच घोंगडी, तेच गालफाड.

“आरं, ह्योच की त्यो! लांडगा मारनारा!”

मग काय विचारता! माणसं उठली, गराडा पडला, दोन दांडग्या गड्यांनी मुंजाजीला कोकरासकट खांद्यावर उचललं. “मला खाली ठिवा,” तो म्हणत होता, “मी मारला न्हाई, मला खाली ठिवा.” जयजयकारात ते कुणाच्या कानावर गेलं नाही. कुणीतरी आपली काठी त्याच्या मुठीत खुपसली. “मामा, एकदा दाखवा की, कशी हानली!”

सगळा तंबू वर बघत थांबला. मुंजाजीनं मूठ उघडली. काठी जमिनीवर पडली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.